दसऱ्याच्या सकाळचा काळा पडदा

त्या दसऱ्याच्या सकाळी आमच्या घरात दोन माणसं दोन गोष्टी लपवत होती. अण्णांना वाटत होतं, आपले उरलेसुरले डोळे गेले. मला वाटत होतं, मी त्यांचा कॉम्प्युटर मारला. सणाच्या दिवशी कशाला कुणाचा विरस करा, म्हणून दोघंही गप्प होतो. आई स्वयंपाकघरात पुरण शिजवत होती आणि घरात एवढी शांतता कशी म्हणून खूश होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. पिढ्यानपिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणतात आणि थोरल्या मुलीला अक्का. मला घरात सगळेच अक्का म्हणतात, अण्णासुद्धा. आमची मराठी पुण्यामुंबईच्या माणसाला स्वल्प सवयीनेच कळते. अण्णांनी सारा जन्म चिकपेटेतल्या एका बोळात कुलपं, कड्या, बिजागऱ्या आणि स्क्रू विकले. दुकान कसलं, कपाट होतं ते; एक माणूस आत शिरला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. तिथल्या अंधारात त्यांची बोटं इतकी तयार झाली की गिऱ्हाइकाने आणलेला स्क्रू ते बघायचेच नाहीत. चिमटीत फिरवायचे आणि मागच्या डब्यातून तस्साच दुसरा काढून द्यायचे.

हे बरं झालं, कारण पुढे डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचं राहील, मधलं जाईल. अण्णांच्या भाषेत, "तुझे कान दिसतात गं, चेहरा तेवढा दिसत नाही." डॉक्टर आणखी एक गोष्ट म्हणाले होते: हे हळूहळू होईल, पण कधी एकदम काही बदललं, अक्षरं अचानक दिसेनाशी झाली, तर थांबू नका, लगेच या. हे वाक्य आम्ही तिघांनीही ऐकलं.

मग वर्तमानपत्र सुटलं, मग देवाची पोथी, मग औषधाच्या बाटलीवरचं नाव. शेवटी उरला तो माझ्या भावाचा कॉम्प्युटर. भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा खेळ खेळायचं आपलं यंत्र मागे ठेवून गेला. डबा केवढा, त्याला पंखे किती, आणि आत लाल-हिरवे-जांभळे दिवे, एखाद्या लग्नाच्या हॉलसारखे. मी त्याला मोठा मॉनिटर जोडून दिला आणि पडदा उलटा केला: पार्श्वभूमी काळी कुळकुळीत, अक्षरं पांढरी, आणि एकेक अक्षर लिंबाएवढं. अण्णा मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तसं, डोळ्याच्या कडेने एकेक शब्द टिपायचे. आधी कन्नड बातम्या, मग मराठी. एका बातमीला चहाचे दोन कप लागायचे, पण वाचायचे स्वतः. मी वाचून दाखवते म्हटलं की रागवायचे. "तू भराभर वाचतेस. मधलं खातेस."

त्या काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांखेरीज जगात त्यांना वाचता येईल असं काही राहिलं नव्हतं. रोज सकाळी पहिली ओळ उमटली की त्यांच्या खांद्यातला ताण सुटायचा, ते मी दारातून पाहिलेलं आहे. बातमी काय आहे याच्याशी त्या सुटकेचा काही संबंध नसायचा. काल दिसत होतं ते आजही दिसतंय, एवढंच त्यांना हवं असायचं.

आता माझी करामत. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. ते यंत्र सुरू व्हायला फार वेळ घ्यायचं, आणि बटण दाबल्यापासून अक्षरं उमटेपर्यंत अण्णा हात मांडीवर ठेवून परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे बसायचे. मला ते बघवत नसे. मी महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत काम करते, म्हणून आमची गल्ली मला कॉम्प्युटरची डॉक्टर समजते. प्रत्यक्षात मी दिवसभर लोकांच्या तक्रारींना गोड शब्दांत मेल लिहिते. पण चार लोक डॉक्टर म्हणायला लागले की आपल्यालाही नाडी बघायची हौस येतेच. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. यंत्र जागं होताना सगळ्यांत आधी ज्या सूचना वाचतं, त्यांना बायोस म्हणतात. तिथे शिरून व्हिडिओतला माणूस सांगेल तसं मी हे चालू कर, ते बंद कर, असं केलं. त्या यंत्रात चित्र दाखवायच्या सोयी दोन होत्या: एक मूळची, आणि एक भावाने खेळांसाठी वेगळी बसवलेली, जास्त दमाची. व्हिडिओतला माणूस म्हणाला, मूळची बंद करून टाका, उगाच वेळ खाते. मी बंद केली. बदल जपून ठेवायचं बटण दाबलं आणि यंत्र पुन्हा सुरू होणार, एवढ्यात आई ओलं फडकं घेऊन खोलीत आली.

"बंद कर ते. उद्या पूजा आहे आणि त्याच्यावर बोटभर धूळ आहे."

"आई, एक मिनिट, चालतंय का बघू दे."

"चालतंय म्हणून तर पूजा करायची. ऊठ, फुलं आण जा."

मी बटण दाबून यंत्र बंद केलं आणि फुलं आणायला गेले. त्या एका मिनिटाची किंमत पुढे मी चांगलीच मोजली.

आमच्याकडे खंडेनवमी, शेजारच्यांकडे आयुधपूजा, प्रकार एकच. ज्या वस्तूच्या जोरावर आपण पोट भरतो तिला एक दिवस हळद-कुंकू लावायचं, हार घालायचा आणि विश्रांती द्यायची. तिला त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नैवेद्य झाला की देवापुढून ती उचलायची आणि पुन्हा कामाला लावायची. आईचा हा नियम लोखंडाहून कडक आहे. विळी, सुरी, कात्री, माझ्या स्कूटरची किल्ली, अण्णांची दुकानातली जुनी पेटी, हे सगळं देवघरात ओळीने मांडलं. नवमीच्या दिवशी लागणारी भाजी अष्टमीलाच चिरून ठेवली. कॉम्प्युटर उचलून नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला टेबलावरच झेंडूचा हार घातला आणि डब्यावर कुंकवाचं बोट ओढलं.

नवमीच्या दिवशी अण्णांची धुसफूस चालली होती. "देवीला माझी बातमी वाचलेली चालत नाही का? मी काय नांगर चालवतोय?" आई म्हणाली, "एक दिवस देशाचं तुमच्यावाचून चालेल." अण्णा चरफडत रेडिओ ऐकत बसले. सांगायचं कारण, वाचनाचा एक दिवस बुडाला तर हा माणूस असा वागतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी मला शंका यायला हवी होती.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा आंघोळीला गेले तशी मी त्यांच्या खोलीत शिरले. नैवेद्याआधी यंत्राला हात लावायचा नव्हता, पण ते एक मिनिट मला रात्रभर टोचत होतं. म्हटलं, नुसतं बघते आणि बंद करते. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, लग्नाचा हॉल सजला. मॉनिटरच्या कोपऱ्यात 'नो सिग्नल' अशी मुंगीएवढी पाटी आली, क्षणभर राहिली आणि गेली. पडदा काळा तो काळाच.

मी कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबून पाहिलं. त्याचा बारीक दिवा लागला, पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे यंत्र जिवंत होतं, सगळं ऐकत होतं, फक्त दाखवत काही नव्हतं. बंद करून पुन्हा लावलं. तेच. मग मला माझी सगळी हुशारी आठवली. मूळची चित्राची सोय मी बंद केली होती. तिच्याबरोबर दुसरीही गेली असणार. आणि आता ती चालू करायची तर पडद्यावर काहीतरी दिसायला हवं, आणि दिसावं म्हणून ती चालू हवी. स्वतःला आत कोंडून किल्ली बाहेर फेकणाऱ्याची गत झाली होती माझी. बाथरूममधून अण्णांच्या तांब्याचा आवाज येत होता. या माणसाच्या हातात वाचायची एकच गोष्ट होती आणि ती मी घालवली, या विचाराने मला रडू येत होतं. पण आमच्याकडे सणाच्या दिवशी रडायलाही बंदी आहे.

मोबाइलवर शोधलं तर उपाय सोपा निघाला. यंत्राच्या आत घड्याळातल्या सेलसारखी एक चपटी बॅटरी असते. ती थोडा वेळ काढून ठेवली की बायोस आपण केलेले सगळे बदल विसरतो आणि मूळपदावर येतो. त्यासाठी डबा उघडायला हवा. डब्याचे स्क्रू भावाने असे आवळलेले की बोटाने हलेनात. स्क्रू-ड्रायव्हर हवा.

आमच्या घरात तऱ्हेतऱ्हेचे स्क्रू-ड्रायव्हर आहेत. दुकान बंद केलं तेव्हा अण्णांनी ते सगळे घरी आणले. आणि त्या क्षणी ते सगळेच्या सगळे देवघरात पेटीत होते, पेटीला हळद-कुंकू होतं आणि पेटीपुढे आईने समई लावली होती.

मी आईला विचारून पाहिलं. "एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊ?"

"नैवेद्य होऊ दे."

"आई, पाच मिनिटांचं काम आहे."

"मग पाच मिनिटांसाठी नियम कशाला मोडायचा?"

आईशी वाद घालणाऱ्याने आधी वकिली शिकावी. मी चमच्याच्या टोकाने स्क्रू फिरवायला गेले, चमचा सटकला आणि बोट सोलवटलं. मग शेजारी गेले. शेजारच्या आंटी दारात रांगोळी घालत होत्या. मी कन्नडमध्ये स्क्रू-ड्रायव्हर मागितला, तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उसना मागितला. त्यांचाही पूजेत होता. खाली रस्त्यावर रिक्षांना केळीचे खांब बांधलेले, दृष्ट काढून फोडलेले कुंकू भरलेले कोहळे चौकाचौकात पडलेले. सबंध बेंगळुरूत त्या सकाळी पूजेत नसलेला एक स्क्रू-ड्रायव्हर मिळणं कठीण होतं. मी हात हलवत घरी आले.

अण्णा आंघोळ करून पलंगावर बसले होते. मी शक्य तेवढ्या सहज आवाजात म्हटलं, "अण्णा, आज कॉम्प्युटर नैवेद्यानंतरच लावू या, काय? आई रागवेल."

"सरी," अण्णा म्हणाले. म्हणजे कन्नडमधलं 'बरं'.

एवढंच. काल देवीशी भांडणारा माणूस आज नुसतं सरी म्हणाला, आणि मी सुटले म्हणून तिथून पळाले. आपल्याच चोरीकडे लक्ष असलं की दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही. नंतर आठवलं, अण्णा त्या सकाळी दारातल्या उन्हात बराच वेळ स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरून बसले होते. हात जवळ आणायचे, लांब न्यायचे. आईला त्यांनी दोनदा विचारलं, लुगडं कुठल्या रंगाचं नेसलीस. आई म्हणाली, "मोरपंखी. का हो?" "काही नाही. चांगलं दिसतंय." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर लुगड्याचं कौतुक ऐकून आई लाजली आणि पुरणात वेलदोडा जरा जास्तच पडला. मला वाटलं, कॉम्प्युटर नाही म्हणून अण्णांना वेळ जात नाहीये. मी मनातल्या मनात स्वतःला आणखी चार शिव्या घातल्या.

शेवटी नैवेद्य झाला, आरती झाली, आईने हत्यारांवर अक्षता टाकल्या आणि मी पेटीवर झडप घातली. अण्णांच्या खोलीत जाऊन यंत्राचा हार काढला, वीज बंद केली आणि जमिनीवर बसून स्क्रू काढायला लागले. अण्णा पलंगावरच होते, भिंतीला टेकून.

"काय करायलीस गं अक्का?"

आता लपवून भागणार नव्हतं. मी मान वर न करता सांगून टाकलं. "अण्णा, मी तुमचा कॉम्प्युटर बिघडवला. परवा आत काहीतरी बदललं आणि आता पडद्यावर काहीच येत नाहीये. सकाळपासून असंच आहे. तुम्हाला सांगायचं धाडस होईना. रागवू नका, मी नीट करते."

अण्णा पुढे सरकले तसा पलंग करकरला. मला वाटलं, रागावले. मग ते हळूच म्हणाले, "काही येत नाही म्हणजे?"

"म्हणजे काळा आहे. पूर्ण काळा."

"तुला काळा दिसतो?"

"हो ना."

"अक्षरं नाहीत?"

"एकही नाही, अण्णा."

"तुलाही दिसत नाही?"

त्या 'ही'पाशी माझा हात थांबला. मी वर बघितलं. अण्णा पलंगाच्या कडेला आले होते, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरलेली, आणि मान वाकडी करून माझ्या कानाकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडेच.

"नाही अण्णा. मलाही दिसत नाही. कुणालाच दिसणार नाही."

"देवा," अण्णा म्हणाले आणि रडायलाच लागले. मी उठून त्यांच्याजवळ गेले तर ते रडता रडता हसत होते आणि माझा खांदा थोपटत होते. "तुलाही दिसत नाही! मग ठीक आहे. मग काही नाही गं. खराब होऊ दे. मोडू दे मेला."

मग सगळं बाहेर आलं. अण्णा पहाटे, आम्ही उठायच्या आत, चोरून कॉम्प्युटर लावायला बसले होते. पंख्यांचा आवाज आला, दिव्यांचा रंग डोळ्यांच्या कडेला चमकला, म्हणजे यंत्र उत्तम चाललं होतं. आणि अक्षरं आली नाहीत. त्यांच्यापुढे नेहमीचाच काळा पडदा होता, त्यातली पांढरी अक्षरं तेवढी गेली होती. कोपऱ्यातली ती मुंगीएवढी पाटी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, पडद्याला नाक टेकवलं. मग यंत्र बंद केलं आणि पलंगावर जाऊन पडून राहिले. यंत्राला दोष द्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं ते हेच, असं त्यांनी धरलं.

"अहो पण मला उठवायचं नाही का?" मी ओरडलेच. "डॉक्टर काय म्हणाले होते? लगेच या म्हणाले होते ना?"

"दसऱ्याच्या दिवशी कुठला डॉक्टर? आणि तुझी आई म्हणाली असती, नियम मोडलात, देवीने डोळे घेतले. म्हटलं, तिला पुरणपोळी करू दे सुखाने. उद्या सांगू."

मला इतका राग आला आणि इतकं हलकं वाटलं की दोन्ही एकदमच बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. अण्णा मात्र खुशीत मान हलवत होते. त्यांना कुणी काहीही म्हणालं असतं तरी चाललं असतं.

कॉम्प्युटर अजून काळाच होता. मी डबा उघडला, ती चपटी बॅटरी नखाने उचकटून काढली, तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणून होईपर्यंत थांबले, आणि पुन्हा बसवली. बटण दाबलं. पंखे, दिवे, आणि काळा पडदा.

"नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"तुलाही नाही ना?" त्यांना पुन्हापुन्हा ऐकायचं होतं. आता ते जमिनीवर माझ्याशेजारी येऊन बसले, आणि दुकानदाराचा आवाज लावला. "स्वल्प सरक. वायरी घट्ट आहेत ना बघू. सकाळी मीच लावल्यात."

"तुम्ही लावल्या? वायरी काढल्या कुणी होत्या?"

"तुझ्या आईने. पुसताना सगळ्या काढून गुंडाळून ठेवलेल्या. मी पहाटे चाचपून एकेक लावली. सोपं आहे, प्रत्येकीचं तोंड वेगळं. ज्याचं ज्यात बसेल ते त्याचं."

मी फुलं आणायला गेले तेव्हा आईने वायरी काढल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी यंत्राला हार पडल्यावर त्याच्या मागे बघायचा प्रश्नच नव्हता. वायरी कधी निघाल्या होत्या हेच मला माहीत नव्हतं. सकाळी सगळ्या जागच्या जागी बघून माझ्या मनात शंकाही आली नव्हती. मी मोबाइलचा दिवा लावून यंत्राची पाठ बघितली. मॉनिटरची वायर वरच्या खाचेत होती. आणि खाली, टीचभर अंतरावर, अगदी तशाच तोंडाची दुसरी खाच मोकळी होती. वरची मूळच्या चित्राच्या सोयीची, खालची भावाने खेळांसाठी बसवलेल्या कार्डाची. वायर कायम खालच्या खाचेत असायची.

"अण्णा, इथे एकसारख्या दोन आहेत हो!"

त्यांनी हात मागे नेऊन दोन्ही खाचा चाचपल्या. बोटं वरून खाली, खालून वर गेली. "असतील बाई. मला पहिली मिळाली, तीत बसली."

"तुम्ही आयुष्यभर कुलपं विकलीत. किल्ली आत गेली म्हणजे कुलूप उघडलंच, असं तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगायचात का?"

"गिऱ्हाइकाला कुलूप विकायचं असतं. त्याला कशाला काही सांगायचं?" अण्णा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. पहाटेपासून पोटात दाबून ठेवलेलं सगळं त्या हसण्यातून निघत होतं.

मी वायर काढून खालच्या खाचेत घातली. एकदा बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा क्षणभर करडा झाला आणि पांढऱ्या बारीक अक्षरांची एक ओळ उमटली.

"पांढरं!" अण्णा ओरडले. "काहीतरी पांढरं आलं, डावीकडे वर!"

ती नुसती यंत्राची कुरकुर होती: मला काही आठवत नाही, अमुक बटण दाबा. पुढे मला एका जाणत्याकडून कळलं की वेगळं कार्ड बसवलं की आमचं यंत्र मूळची सोय आपणहून बंदच ठेवतं. म्हणजे मी मोठ्या शौर्याने जी गोष्ट बंद केली होती ती मुळात बंदच होती. माझ्या हुशारीने काही सुधारलं नव्हतं आणि काही बिघडलंही नव्हतं. माझ्या बाबतीत हे तसं नेहमीचंच. पण त्या वेळी मला ते माहीत नव्हतं. मी बायोसमध्ये एकाही गोष्टीला हात न लावता, पाय न वाजवता देवळातून निघावं तशी बाहेर आले. बॅटरी काढल्यामुळे यंत्राचं घड्याळ फार मागे गेलं होतं, भावाने ते नवं आणलं त्या वर्षात. यंत्राच्या हिशेबाने भाऊ अजून घरीच होता आणि अण्णांचे डोळे ठणठणीत होते. बातम्यांची पानं काही उघडेनात. मी आजची तारीख घातली, तेव्हा उघडली.

लिंबाएवढी अक्षरं ओळीने उभी राहिली. अण्णा खुर्चीत बसले, मान वाकडी केली आणि एकेक शब्द टिपत मोठ्याने वाचायला लागले. म्हैसूरच्या मिरवणुकीची बातमी होती. हत्ती कधी निघणार, रस्ते कुठले बंद, गर्दीत मुलांना सांभाळा. ती शेवटची सूचनासुद्धा त्यांनी सोडली नाही. आवाज ऐकून आई हात पुसत दारात आली. काय झालं ते मी तिला सांगितलं. मला वाटलं, आता नियमावरून भाषण होणार. तिने अण्णांच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "पोळ्या गार होतायत." आणि गेली.

दोन दिवसांनी मी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, आहे तेवढंच आहे, बदल नाही. 'बदल नाही' हे दोन शब्द मला कुठल्याही बढतीच्या पत्रापेक्षा गोड लागले. परतताना रिक्षात मी अण्णांकडून वचन घेतलं की इथून पुढे असं काही झालं तर आधी मला हाक मारायची, मग रडायचं. त्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

आता रोज सकाळी ते कॉम्प्युटर लावतात आणि पहिली ओळ दिसली की खोलीतून मोठ्याने वाचून दाखवतात. सगळ्या घराला ऐकू जाईल अशी. मी त्या वेळी स्वयंपाकघरात चहा उकळत असते. ओळ ऐकू येईपर्यंत मी चहा गाळत नाही. एखाद्या दिवशी यंत्र रेंगाळतं आणि चहा कडू होतो, तो आई मुकाट्याने पिते. काल त्यांनी वाचलं, "के. आर. पुरमच्या पुलावर आज वाहतूक अतिशय मंद, प्रवाशांचे हाल." मला ऑफिसला त्याच पुलावरून जायचं होतं. मी "सरी अण्णा" म्हटलं आणि आनंदाने चहा गाळला.